लंगड्या जनावराचा माग

८ जुलै

प्रिय मामा,

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन मामी उचलते, सगळं बोलणं तीच उरकते आणि शेवटी तुझ्या हातात दिला की तू "हं, बरं, ठेव" एवढंच म्हणतोस. कागदावर मात्र तू भरभरून बोलतोस, म्हणून हे पत्र.

नोकरी लागली तेव्हा तू म्हणालास, "कॉलेजच्या ग्रंथालयात काय, नुसतं गप्प बसायचं!" अरे, गप्प बसण्याचाच तर त्रास आहे. वाचनालयाची खोली मोठी छान आहे. उंच खिडक्या, लांबच लांब टेबलं, राखाडी लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांच्या मधल्या बोळांत कायम थोडा अंधार. पण मुलं येतात ती भिंतीतल्या प्लगसाठी. फोन चार्जिंगला लावतात, टेबलावर डोकं टेकतात आणि बॅटरी भरली की निघून जातात.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रंथालय कसं वापरायचं ते शिकवायला मला आठवड्यातून एक तास दिलाय. पहिल्या तासाला मी मन लावून तयारी केली. पडद्यावर चित्रं दाखवली, पुस्तकांचे क्रमांक कसे वाचायचे ते सांगितलं, विषयसूची म्हणजे काय ते समजावलं. समोर एक उंच मुलगा बसला होता. त्याने एवढी लांब जांभई दिली की माझं वाक्य अर्ध्यावर थांबलं आणि त्याची जांभई पूर्ण होईपर्यंत आम्ही सगळेच वाट बघत राहिलो. शेवटी मी विचारलं, "काही शंका?" मागून एकीने हात वर केला. मला केवढा आनंद! म्हणाली, "मॅडम, तो पंखा जरा वाढवता का?"

प्राचार्यबाई वाईट नाहीत, पण सरळ बोलतात. "हे सत्र बघते. मुलं पुस्तकांना हात लावताना दिसली नाहीत तर हा तास संगणकवाल्यांना देईन." मामा, ही मुलं फोनवर जे पहिलं दिसेल ते खरं धरून चालतात. कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं, कधी म्हटलं, काही नाही. तास गेला तर हे त्यांना कोण शिकवणार?

तू सगळं आयुष्य नाटक कंपनीत पडद्यामागे काढलंस. झोपलेला प्रेक्षक जागा कसा करतात ते सांग.

तुझी भाची


१७ जुलै

प्रिय भाचेबाई,

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. जांभईपाशी ती एवढी हसली की पुढचा मजकूर मला अर्ध्या तासाने कळला. फोनवर सगळं तीच बोलते हा आरोप तिने नाकारला आणि मला बाजू मांडायची संधी न देता खटला निकालात काढला.

आता तुझं दुखणं. अगं, कुठलं नाटक सूचनांनी सुरू होतं? "प्रेक्षकहो, डावीकडे दार आहे, उजवीकडे खिडकी आहे, नायिका तिसऱ्या प्रवेशात रडेल." असं केलं तर लोक खुर्च्यांसकट उठून जातील. पडदा वर गेला की काहीतरी बिघडलेलं असायला हवं. कुणीतरी हरवलंय, काहीतरी जळतंय, बाहेर कुणीतरी दार ठोठावतंय. मग दार कुठे आहे ते प्रेक्षक आपण होऊन शोधतो.

पोरांना म्हणावं, जहाज बुडालंय आणि तुम्ही बेटावर आहात. ग्रंथालय हेच बेट. प्रत्येक टोळीला एक संकट द्यायचं. एकीला पाणी खारट लागतंय, दुसरीत कुणाला साप चावलाय, तिसरीला उत्तर दिशा सापडत नाही. सुटका पुस्तकांत आहे. फोन समुद्रात बुडाले. तू कप्तान हो. टोपी पाठवतो, पेटीत पडून आहे. ती घालून लाजायचं नाही. लाजलेला कप्तान कुणी मानत नाही.

अक्षराकडे दुर्लक्ष कर. पेन नवीन आहे, उनाड आहे.

तुझा मामा


६ ऑगस्ट

प्रिय मामा,

टोपी मला कानापर्यंत येते. पण घातली! दारातच उभी राहिले आणि ओरडले, "जहाज बुडालं! फोन या टोपलीत!" मुलं आधी एकमेकांकडे बघून हसली. मग जांभईकुमारने (आता त्याला सगळे हेच म्हणतात, तोही म्हणतो) फोन टोपलीत टाकला आणि विचारलं, "मॅडम, पोहून आलो का होडीने?" तिथून जी गडबड उडाली ती तास संपला तरी थांबेना.

सर्पदंशवाल्यांनी आधी सापांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं आणि त्यातला उपाय वाचून रोग्याला, म्हणजे आपल्याच मैत्रिणीला, बाकावर उलटं टांगायची तयारी केली. मी म्हटलं, "हे लिहिणारा डॉक्टर आहे का?" मुखपृष्ठ बघितलं, मलपृष्ठ बघितलं. नव्हता. मग एकजण वैद्यकाच्या मांडणीकडे धावला. पाण्याची टोळी 'पाणी' शब्द शोधून शोधून दमली. विहिरींची पुस्तकं निघाली, कालव्यांची निघाली, कामाचं एकही नाही. पंखा वाढवायला सांगणारी मुलगी आठवते ना? ती शांतपणे म्हणाली, "आपण पाणी नको शोधू या. मीठ शोधू या." आणि सापडलं! मामा, शब्द बदलून शोधायचं हे मी पडद्यावर चित्रं दाखवून महिनाभर सांगितलं असतं तरी कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं.

तिचं नाव आम्ही प्रश्नचिन्ह ठेवलंय. ती कुठलीच गोष्ट विचारल्याशिवाय सोडत नाही.

शेजारच्या वर्गातल्या सरांनी आरडाओरड्याची तक्रार केली. प्राचार्यबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. मी टोपीसकट. त्या काही बोलल्या नाहीत, तशाच परत गेल्या. म्हणजे काय समजायचं?

आता पुढचा खेळ माझा मीच रचलाय. नाव 'माग'. प्रत्येक टोळीने एक दावा घ्यायचा. वर्तमानपत्रातला, जाहिरातीतला, घरी कुणी ऐकवलेला. दावा म्हणजे जनावर, आणि आपण शिकारी. ते आलं कुठून, ते मागे मागे जात शोधायचं. याने त्याचं ऐकलं, त्याने तिसऱ्याचं वाचलं, असं करत थेट गुहेपर्यंत, म्हणजे जिथे ते पहिल्यांदा लिहिलं गेलं तिथपर्यंत. फरशीवर चिकटवायला कागदी पावलं कापून देशील? देखावे कापणारा तुझा हात.

आणि तुझ्या ओळी हल्ली टेकडी चढतात. पेन बदल.

तुझी कप्तान भाची


२४ ऑगस्ट

प्रिय कप्तान,

पावलं पाठवतोय. वाघाची, अस्वलाची आणि एका अशा जनावराची जे देवाने अजून केलेलं नाही.

दरवाजात उभ्या राहून न बोलता परत गेलेल्या बाईंची काळजी करू नकोस. नाटक पडणार असलं की मालक आत येऊन बसतात आणि घड्याळ बघतात. दारातून परत जातात ते आवडलेलं असतं म्हणून.

'माग' झकास आहे. पण एक सांगतो, ऐक. सगळे दावे खोटे ठेवू नकोस. पोरं निष्कर्ष काढतील की जगात सगळेच थापाडे, आणि मग कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवून बसतील. हेही तितकंच वाईट. खलनायकांनी भरलेलं नाटक कुणाला बघवत नाही. एक खरा दावा मिसळ. तो मीच पुरवतो.

सोबत एक पत्रक आहे. हिरव्या बाटलीतले पाल्याच्या रसाचे थेंब, डोळ्यांसाठी. खाली बघ, परदेशातल्या संशोधनाचा हवाला दिलाय, मासिकाचं नाव आणि पान क्रमांकासकट. थापा मारणारा पान क्रमांक देईल का? शेजारच्या पोस्टमास्तरांनी मला हे दिलं. निवृत्त गृहस्थ, सरळमार्गी. माझ्या जवळच्या ओळखीतला एक माणूस आहे, त्याला काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो म्हणे. डॉक्टरांनी जन्मभर घालायचे थेंब लावून दिले. डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे. त्याने ते बंद केले, हिरवी बाटली सुरू केली, आणि आता लाली नाही, चुरचुर नाही, ठणठणीत आहे. पोरांना काढू दे माग. गुहेत खरा वाघ भेटेल.

मामी बरी आहे. मी काल तिच्या कुंड्यांवर धडकलो, तेवढी चिडली आहे. ती कुंड्या सारख्या हलवते.

तुझा मामा


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. आता झालं ते झालं तसं सांगते.

तुझी पावलं मुलांना फार आवडली. सगळ्या पावलांची डावी कड कापली गेली होती. वाघाचं एक बोट गायब, अस्वलाची टाच तिरकी. मुलं म्हणाली, "मॅडम, हे जनावर लंगडं आहे!" मला वाटलं तुझी गंमत. आम्ही खेळाचं नावच 'लंगड्या जनावराचा माग' ठेवलं.

तुझं पत्रक प्रश्नचिन्ह आणि जांभईकुमारच्या टोळीला मिळालं. कुणाचं ते मी सांगितलं नव्हतं. मासिक आमच्याकडे नव्हतं. दुसऱ्या ग्रंथालयातून त्या लेखाची प्रत मागवायची कशी, तो अर्ज त्यांनीच भरला. प्रत आली तेव्हा जांभईकुमार ती घेऊन खिडकीशी बसला आणि शब्दकोश बाजूला ठेवून ओळीओळीने वाचत गेला. तो मुलगा, मामा! मला इतकं बरं वाटत होतं. मनात म्हटलं, आता मामाचा वाघ निघणार.

लेख खरा आहे. पान क्रमांकही बरोबर आहे. पण तो प्रयोग सशांवर केलेला आहे, धुळीने लाल झालेल्या डोळ्यांवर. पाल्याच्या रसाने लाली कमी झाली, एवढंच त्यात आहे. आणि शेवटी शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहून ठेवलंय: डोळ्यातला दाब या प्रयोगात मोजलेला नाही.

मोजलेलाच नाही, मामा. पत्रक छापणाऱ्याने ही ओळ गाळली.

टोळीने फरशीवर शेवटचं पाऊल चिकटवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नचिन्ह मात्र उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, वैद्यकाच्या पुस्तकात बघितलं आम्ही. काचबिंदू दुखत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. हे पत्रक ज्याने दिलं, तो हे थेंब घेतोय का? त्याला कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं, "कुणाच्या तरी ओळखीतला माणूस आहे." आणि हे बोलता बोलता माझी नजर फरशीवर गेली. डावी कड नसलेली पावलं. टेकडी चढणाऱ्या ओळी. माझं पत्र तू मामीकडून वाचून घेतलंस, ते. मामी हलवते त्या कुंड्या. 'जवळच्या ओळखीतला माणूस' इतका जवळचा असेल हे मला आधी सुचलं कसं नाही?

काल फोन केला. मामीने उचलला. म्हणाली, तू फिरायला गेलायस. सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण आधी तुला लिहायचं ठरवलं.

डॉक्टरांचे थेंब आजपासून सुरू कर, आणि महिनाअखेरपर्यंत त्यांच्याकडे जाऊन ये. नाही गेलास तर मी मामीला सांगणार. रागाव हवं तर.

तुझी भाची


२२ सप्टेंबर

भाचेबाई,

पत्र मिळालं. या वेळी स्वतः वाचलं, खिडकीत बसून, एकेक ओळ. म्हणून उत्तराला उशीर.

मी खेळायला पत्रक दिलं होतं. माझे डोळे फरशीवर चिकटवायला दिले नव्हते. तुझ्या वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणतेस. वाजवू देत.

तुमच्या पुस्तकातल्या डॉक्टरांचं ठाऊक नाही, आमच्या इथल्यांचं सांगतो. खुर्चीत बसवलं, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, म्हणाले "काचबिंदू, जन्मभर थेंब, पुढचा." मान वर करून बघितलंसुद्धा नाही. 'जन्मभर' हा शब्द एखाद्याला असा सांगतात? पोस्टमास्तर माझ्याबरोबर सबंध दुपार बसले. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, घाबरू नका. मग मी कुणाचं ऐकायचं?

तुझे आजोबा शेवटी भिंत चाचपत चालायचे. तू लहान होतीस, तुला तो खेळ वाटायचा. तू त्यांच्या मागे डोळे मिटून चालायचीस. मी ते बघत होतो.

मामीला सांगायची धमकी मला देऊ नकोस. मी लहान नाही.

मामा


२६ सप्टेंबर

प्रिय मामा,

वाद घालत नाही. तुझं पत्र वाचून मी बराच वेळ मांडण्यांच्या बोळात जाऊन उभी राहिले. तिथे कुणी येत नाही.

पोस्टमास्तर तुझ्याजवळ बसले, हे त्यांनी खरंच चांगलं केलं. आम्ही मात्र दाव्याचा माग काढला आणि टाळ्या वाजवल्या. ज्याच्यापाशी तो दावा होता तो माणूस एकटाच घाबरून बसलाय, हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. तेवढं एका मुलीच्या आलं.

मी मुलांना तुझं नाव सांगितलेलं नाही. पण प्रश्नचिन्हने माझा पिच्छा सोडला नाही. म्हणाली, "त्या माणसाला 'तुझं चुकलं' सांगून काय उपयोग? त्याने डॉक्टरांना काय विचारायचं ते देऊ या." ती आणि जांभईकुमार दोन दिवस वैद्यकाच्या मांडणीपाशी ठिय्या देऊन होते. सोबत त्यांचा कागद आहे. अक्षर त्यांनी मुद्दाम मोठं काढलंय. थेंब चुरचुरत असतील तर दुसरे मिळतात का? दाब आज किती आहे आणि किती असायला हवा? कडेची नजर मोजणारी तपासणी झाली आहे का? पुढची कधी? प्रत्येक प्रश्नाखाली, तो का विचारायचा आणि कुठल्या पुस्तकात सापडला ते लिहिलंय. शेवटचा प्रश्न जांभईकुमारचा आहे: "डॉक्टर, एकदा माझ्याकडे बघून सांगाल का?" तो पुस्तकातला नाही. त्याने आपल्या मनाने घातला, तुझं पत्र न वाचता. मी तो खोडला नाही.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. तू सांग. धमकी परत घेते. भीती मात्र तशीच आहे, ती मला परत घेता येत नाही. शनिवारी रजा काढते. नुसती बस म्हणालास तर बसेन, दवाखान्यात चल म्हणालास तर येईन.

तुझी भाची


१९ ऑक्टोबर

प्रिय भाचेबाई,

तू येऊन गेलीस त्यानंतरचं सगळं लिहायचं राहिलं होतं. त्या शनिवारी तू नुसती बसलीस, एक शब्द बोलली नाहीस. तुझ्यासारखी बडबडी मुलगी दुपारभर गप्प बसलेली बघून माझाच जीव घाबरला. म्हणून संध्याकाळी मामीला सांगितलं. तुझ्यासमोर ती काही बोलली नाही, आठवतं? तू बसमध्ये बसल्यावर बोलली. त्यातलं काही कागदावर लिहिण्यासारखं नाही. मग रडली. मग उठली, हिरवी बाटली मोरीत ओतली आणि डॉक्टरांचे थेंब कपाटातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवले, आणि मला म्हणाली, "डोकं मागे." मी मागे केलं. इतकी वर्षं संसार झाला, पण तिने माझा डोळा बोटांनी उघडून आत बघितलं असं पहिल्यांदाच झालं.

दवाखान्यात दोघं गेलो. मी पोरांचा कागद बाहेर काढला. डॉक्टर यंत्राकडे बघूनच बोलत होते. पहिला प्रश्न विचारला, उत्तर दिलं. दुसरा विचारला, थांबले. तिसऱ्याला म्हणाले, "हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?" म्हटलं, "माझ्या भाचीच्या कॉलेजातल्या शिकाऱ्यांनी." त्यांनी कागद मागून घेतला, वाचत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी आले. मग त्यांनी चष्मा काढला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "बसा. पहिल्यापासून सांगतो." बाहेर रांग होती तरी सांगितलं. तरुण आहेत गं ते. मला वाटलं होतं तेवढे मोठे नाहीत.

आता ऐक, लपवत नाही. डाव्या डोळ्याची कड गेली आहे, बरीच. ती परत यायची नाही. तुला पाठवलेली पावलं डाव्या कडेला का कापली गेली ते आता तुला कळलंच. उजवा डोळा चांगला आहे, आणि आहे तेवढं राखता येईल म्हणाले. थेंब बदलून दिले, हे चुरचुरत नाहीत. इतकं सोपं होतं! मी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी एक दिवस अंथरुणावर पडून होतो. गेलेल्या कडेचं वाईट वाटलं, नाही कसं वाटेल? दुसऱ्या दिवशी मामीने उठवलं. कुंड्या तिने खरंच हलवल्या आहेत, या वेळी माझ्यासाठी, भिंतीच्या कडेला.

त्या दोन पोरांना सांग. नाव सांग माझं. सांग की मागाच्या टोकाला एक माणूस होता आणि तो दवाखान्यात जाऊन आला.

तुझा मामा


११ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सांगितलं. जांभईकुमार म्हणाला, "म्हणजे मॅडम, ते खरंच वापरलं कुणीतरी?" गृहपाठाबाहेर आपलं काही चालतं यावर त्याचा विश्वासच बसेना. प्रश्नचिन्हने विचारलं, "दाब किती आला?" मामीने फोनवर सांगितला होता तो आकडा दिला. तिने मान हलवली, अगदी एखाद्या डॉक्टरसारखी.

आता कॉलेजची बातमी. मागच्या आठवड्यात प्राचार्यबाई तासाला आल्या आणि थेट आत येऊन बसल्या. तुझ्या हिशेबाने नाटक पडणार! पण त्यांनी घड्याळ बघितलं नाही. म्हणाल्या, "मला पण एक टोळी द्या." त्यांचा दावा होता की आमच्या कॉलेजची इमारत मुळात घोड्यांचा तबेला होती. हे त्या दरवर्षी स्वागताच्या भाषणात सांगतात. मुलांनी जुने नकाशे काढले, बांधकामाची कागदपत्रं काढली. तबेला कुठेच नाही. साबणाचा कारखाना निघाला! बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग इतक्या हसल्या की शेजारचे सर तक्रार घेऊन आले आणि त्यांना बघून तसेच परत फिरले.

तास राहिला. पुढच्या वर्षी वाणिज्यच्या मुलांनाही मिळेल. खोलीचा अर्धा भाग मात्र संगणकांना द्यावा लागणार, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, संगणकही बेटावर चालतील, त्यांच्यातही माग काढता येतो. मुलं अजून प्लगसाठी येतात, पण आता उठताना काही जणांच्या हातात पुस्तक असतं.

एक प्रश्न मुलांनी तुझ्यासाठी पाठवलाय. छापील कागदाचा माग त्यांनी काढला, पण माणसांचा राहिला. बाटली पोस्टमास्तरांकडे आली कुठून? त्यांच्या आधी कुणाकडे होती? ती सगळी माणसं अजून हिरवे थेंब घालत असतील का? तिथे आमच्या मांडण्या पोचत नाहीत. तू पोचशील का?

तुझी भाची


३ डिसेंबर

प्रिय भाचेबाई,

तुझ्या पोरांनी म्हाताऱ्याला कामाला लावलं. अक्षर सरळ येत नसेल, कागद मांडीवर आहे.

आधी पोस्टमास्तरांकडे गेलो. मनात धास्ती होती की भांडण होणार. मी तुझा खेळच खेळलो. 'तुमचं चुकलं' म्हटलं नाही. विचारलं, "तुम्हाला ही बाटली कुणी दिली हो?" ते म्हणाले, "आमच्या व्याह्यांनी." मग त्यांना सशांची गोष्ट सांगितली. ते ऐकून म्हणाले, "मी तुमचं नुकसान केलं." मी म्हटलं, "तुम्ही माझ्याजवळ बसलात. आता माझ्याबरोबर चला."

दोघं मिळून व्याह्यांकडे गेलो. त्यांना डोळ्याचा आजार काहीच नाही, नुसतं ताजंतवानं वाटावं म्हणून घालायचे. त्यांना बाटली मिळाली होती एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंकडून. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे, एक मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे. त्यांनी बाटली घेतली होती रस्त्यावर विकणाऱ्याकडून. तो पुन्हा कधी दिसला नाही. म्हणजे तिथे माग संपला. पण बाई आहेत ना! सुईत दोरा ओवायला त्यांनी सुई नाकाशी नेली. मी विचारलं, "डॉक्टरांनी काही सांगितलं होतं?" म्हणाल्या, "काचबिंदू म्हणाले होते, थेंबही दिले होते, पण हे बरं वाटलं म्हणून ते सोडले."

त्या यायला तयार नव्हत्या. ग्राहकाचे कपडे द्यायचेत म्हणाल्या. मग मी माझा डावा डोळा त्यांच्यापुढे धरला आणि काय गेलं ते सांगितलं. काय राहिलं तेही सांगितलं. पोस्टमास्तर खाली बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. म्हणाले, "मी पोचते करतो, पत्ते सांगा, तेवढंच तर मला येतं."

हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. बाई शेजारी आहेत. तुझ्या पोरांचा कागद मी त्यांच्यासाठी उतरवून आणलाय. एकेक ओळ त्या डोळ्यांजवळ नेऊन वाचतायत आणि मधूनच विचारतायत, "असं डॉक्टरांना विचारलं तर चालतं?" मी म्हणतोय, चालतं.

आतून नाव पुकारलं. बाई म्हणतात, तुम्हीही आत या. जातो.

तुझा मामा